नालेचे दोन दिवस

साकोलीहून नागझिऱ्याकडे निघालं की गावाच्या शेवटच्या घरानंतर एक चिंच लागते. तिच्याखाली भैय्यालाल नालबंदाचं दुकान आहे. दुकान म्हणजे चिंचच. छप्पर तिचं, सावली तिची, घोडी बांधायला बुंधाही तिचा. भैय्यालालचं स्वतःचं म्हणावं असं तिथे फारसं काही नाही, राग सोडला तर.

राग मात्र अस्सल घरचा होता आणि तो सकाळच्या चहाबरोबर सुरू होई. चहात साखर जास्त झाली म्हणून, कमी झाली म्हणून, आणि कधी बरोबर पडली तर रोज अशी काहून पडत नाही म्हणून. बायको गिरजाबाईनं चौतीस वर्षांत त्या रागाला एकदाही उत्तर दिलं नव्हतं. ती त्याला प्रश्न विचारी, आणि ते जास्त वाईट होतं.

भैय्यालालचा बाप मालगुजारांच्या, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या, घोड्यांना नाल मारत असे. पुढे मालगुजार गेले, मग टांगे गेले. राहिल्या त्या लग्नाच्या घोड्या, ज्यांच्यावर आयुष्यात एकदाच बसणारा आणि तेव्हाही घाबरलेला माणूस बसतो. आसपासच्या गावांत मिळून अशा सहा घोड्या होत्या. शंकरपटाच्या, बैलांच्या शर्यतींच्या, दिवसांत बैलही येत. पण बैलाला दोरानं पाडून, पाय बांधून नाल मारायची असते. त्यात बैलाचं मत विचारावं लागत नाही. घोडी उभी असते. तिचा पाय मांडीवर घेऊन काम करायचं, म्हणजे तिला पटेल असंच करावं लागतं. भैय्यालालला त्यामुळेच घोडीचं काम मोठं वाटे.

या सहा घोड्यांच्या मालकांत एक रीत चालत आली होती. नाल मारली की घोडी दोन दिवस लंगडणार. त्या दिवसांना नावसुद्धा होतं, नालेचे दोन दिवस. लग्नाची सुपारी घेताना मालक आधी बोटांवर हिशेब करी: "सोमवारी नाल, मंगळ-बुध नालेचे, गुरवारचं लगन जमते." यात कुणाला वावगं वाटत नसे. दात येताना पोर किरकिर करतं, माहेराहून आलेली सून दोन दिवस गप्प असते, नाल मारलेली घोडी लंगडते. उलट घोडी जरा कमी लंगडली तर मालकाचं तोंड उतरे. लंगडली म्हणजे नाल बसली, अशी समजूत होती, आणि ती भैय्यालालच्या बापानंच पसरवली होती. बापाला धंदा कळत होता, एवढं तरी त्यावरून सिद्ध होतं.

भैय्यालालची हत्यारंही बापाचीच. खुराची वाढ तासायला छिन्नी आणि हातोडी. घासायला एक कानस, जिचे दात मालकाच्या आधी पडले होते. खिळे तारेचे, स्वतः ठोकून टोक काढलेले. नाल मात्र बाजारातून आणलेली, सगळी एकाच मापाची. घोड्यांचे पाय सहा तऱ्हांचे आणि नाल एका तऱ्हेची, तेव्हा पाय नालेच्या मापाचा करायचा, ही विद्या त्याच्याकडे वारशानं आली होती. लोक म्हणत, भैय्यालालचा हात भारी आहे. तो ते कौतुक समजे.

गेल्या साली चैतात गुलाबची घोडी अकरा दिवस लंगडली.

गुलाब म्हणजे मोरनीचा मालक. मोरनी पांढरी, गुलाब काळा, आणि दोघांच्याही गळ्यात वरातीच्या दिवशी सारख्याच चकाकत्या माळा. अकराव्या दिवशी त्यानं घोडी जनावरांच्या दवाखान्यात नेली आणि बाराव्या दिवशी तिथल्या डॉक्टर रक्षा मॅडमना घेऊन चिंचेखाली हजर झाला.

"काका," मॅडम म्हणाल्या, "खिळा खुराच्या आत, जिवात गेला होता. मी पू काढलाय."

"जाते एखादा. घोडी हालते, तिले का सांगता येते?"

"घोडी हालली असेल. पण ही दर वेळी दोन दिवस लंगडते ते कशानं?"

"नालेनं."

"नालेनं नाही." मॅडमनी खाली पडलेली कानस उचलली, तिच्यावरून अंगठा फिरवला. अंगठ्याला काहीच झालं नाही. "हिनं तुम्ही काय घासता?"

"टाप घासतो. तुमी का घासता?"

गुलाब हसला आणि लगेच हसला नाही असं केलं. मॅडमनी मोरनीचा पुढचा पाय उचलला. खुराचा तळ त्यांनी भैय्यालालला दाखवला, जणू तो त्यानं कधी पाहिलाच नव्हता. तळ सपाट नव्हता. छिन्नीनं तासलेला, धान कापल्यावर शेताची बांधी दिसते तसा, खालीवर. नाल दोन उंचवट्यांवर टेकलेली आणि मध्ये फट. फट मिटवायला खिळे खोल मारलेले. "आणि हा तळ तुम्ही इतका पातळ केलाय, की ती खड्यावर नाही, स्वतःच्या हाडावर चालत असेल. नाल नीट बसली काका, तर घोडी आली तशी चालत घरी जाते. त्याच दिवशी."

भैय्यालाल उठून उभा राहिला. "मॅडम, माह्या बापानं मालगुजाराच्या घोड्याले नाल मारली. पन्नास वर्सं. तुमच्या कालेजात चिंच होती का?"

"चिंच नव्हती," मॅडम शांतपणे म्हणाल्या, "पण हत्यारं होती." आणि औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीमागे त्यांनी लिहून दिलं: खूर कापायची मोठी पकड, हातभर लांबीची रुंद रेती म्हणजे खुराची कानस, वाकड्या टोकाचा सुरा, नाल वाकवायला लहान ऐरण, आणि घोड्याचे खास खिळे, एका अंगानं टोकाशी उतार दिलेले.

त्या गेल्यावर गुलाब घोटाळत राहिला. मग घोडीकडे पाहत बोलला, कारण भैय्यालालकडे पाहून ते बोलता आलं नसतं. "भैय्याभाऊ, राग नोको मानू. पुढच्या खेपी मोरनी लंगडली त मी गोंदियाचा नालबंद आनतो. तो मोटरसायकलवर येते. मी आनला त बाकीचे पाचही त्यालेच आनतीन."

सहाच्या सहा. भैय्यालालला बाकी सगळं ऐकून राग आला होता. हे ऐकून त्याला भीती वाटली, आणि भीती वाटली म्हणून आणखी राग आला. चिठ्ठी त्यानं चिंचेच्या खोडात खोचली, जणू झाडावर नोटीस बजावली.

गिरजाबाईनं ती काढून घरी आणली. "हे मिळते कुठं?"

"नरकात."

"अन् साकोलीत?"

साकोलीत ते मिळत नव्हतं. पण कारागिरांना हत्यारं फुकट देणारी कसलीशी योजना आली होती, आणि बसथांब्याजवळ पिंटूचं सेवा केंद्र होतं, जिथे एक पंखा, दोन खुर्च्या आणि सगळ्या योजना असत. पिंटूनं धंदा विचारला. भैय्यालालनं सांगितला. पिंटूनं इंग्रजी बटणांवर तो दाबला, यादी उघडली, खाली गेला, वर आला, आणि अंगठा लावायला सांगितला. भैय्यालालनं सही केली. आपल्याला सही येते याचाही त्याला राग होता, कारण कुणी विचारतच नसे.

महिन्याभरानं तीन दिवसांच्या प्रशिक्षणाचं बोलावणं आलं. एका सभागृहात चाळीस माणसं बसली होती. पहिला दिवस ओळखी आणि भाषणं यांत गेला. चारच्या सुमारास भैय्यालाल उभा राहिला. "घोडी कुठं आहे?"

शिकवणाऱ्या साहेबांना हा प्रश्न आवडला. "घोडी उद्या आणतो," ते म्हणाले. "उद्या तिच्यावर चढून काम आहे."

चढून काम कसलं, हे भैय्यालालला कळलं नाही, पण शहरात पद्धत वेगळी असेल असं समजून तो दुसऱ्या दिवशी अर्धा तास आधी गेला. साहेबांनी घोडी आणली होती. लोखंडी होती, दोन पायांच्या दोन जोड्या आणि वर पाय ठेवायला फळी. तिच्यावर चढून त्यांनी भिंतीवरच्या टाकीला तोटी बसवून दाखवली.

भैय्यालाल तिसऱ्या दिवशी गेला नाही. तो पिंटूकडे गेला.

"काका, यादीत नालबंद नव्हताच," पिंटू म्हणाला. "मी 'नाल' टाकलं, त्यानं 'नळ' दाखवलं. इंग्रजीत एका 'a'चा त फरक आहे. मले वाटलं, जवळचं घ्यावं."

"जवळचं? तुह्या लग्नात तुले नळावर बसवू का बे वरातीत?"

"चिडता कायले? हत्यारं त येऊन राहिली ना."

हत्यारं आली. निळी पेटी, तिच्यावर भैय्यालालचं नाव, त्याखाली 'कुशल नळ कारागीर'. आत भला मोठा पाना, पाइपला आटे पाडायचं यंत्र, लोखंड कापायची करवत, पांढऱ्या फितीच्या गुंडाळ्या. सगळं चकचकीत, जड, चांगलं. हेच त्याला सगळ्यात लागलं. कुणाला तरी चांगलं हत्यार द्यायची अक्कल सरकारात होती, फक्त ती त्याच्या घराजवळून पुढे निघून गेली होती. त्या दिवशी तो पिंटूवर ओरडला, साहेबांवर ओरडला, चिंचेवर ओरडला, आणि संध्याकाळी घसा बसल्यावर खुणेनं गिरजाबाईवर.

दुसऱ्या दिवशी गिरजाबाईनं पेटी डोक्यावर घेतली आणि साकोलीची बस धरली. अमर तिथे नळाचं काम करतो. त्याच्याजवळचा पाना त्याच्या मामाचा होता आणि मामासारखाच निसटे. त्यानं पेटी उघडली आणि नवा पाना हातात घेऊन उलटसुलट फिरवला.

"घेऊन टाक," गिरजाबाई म्हणाली. "तू माल आनाले नागपूरले जात असते ना? त पेटीच्या बदल्यात हे आन." तिनं चिठ्ठी पुढे केली.

अमरनं वाचली. "काकू, खूर कापायची पकड? हे कोन्त्या नळाले लागते वो?"

"चालत्या."

त्याला दोन फेऱ्या कराव्या लागल्या. पण पोळ्याच्या आत पोत्यात गुंडाळलेली हत्यारं घरी आली. भैय्यालालनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. ती न पाहता तो दिवसातून सात-आठ वेळा त्यांच्याजवळून गेला. शेवटी गिरजाबाईनंच विचारलं, "काहून हो, हे मी अमरले परत करू?"

"हात लावू नोको!" तो गरजला, आणि पोतं उचलून चिंचेखाली नेलं.

शेजारच्या इश्वरकडे एक म्हातारं तट्टू होतं. त्याच्यावर कुणी बसत नव्हतं, आणि ते कुणाला नकारही देत नव्हतं. त्याच्यावर भैय्यालाल शिकला. रक्षा मॅडम दोन रविवार आल्या. पहिल्या रविवारी तो त्यांच्याकडे पाठ करून ऐकत होता. मोठ्या पकडीनं खुराची वाढलेली कड कापली तेव्हा ती नखासारखी एकाच तुकड्यात निघाली. हातोडीचा एक घावही न घालता. तट्टूनं मान वळवून पाहिलं. त्यालाही हे नवीन होतं. मग रेती. बापाच्या कानशीनं जिथे घाम निघेपर्यंत घासावं लागे, तिथे हिचे चार हात पुरले, आणि तळ असा सपाट झाला की त्यावर नाल ठेवली तर उजेडाची रेघसुद्धा आतून दिसेना. ऐरणीवर नाल ठोकून ती पायाच्या मापाची करायची होती. नाल पायाच्या मापाची. भैय्यालालनं हे मनात उलटंसुलटं करून पाहिलं आणि दात आवळले.

"आता खिळा. उतार आत," मॅडम म्हणाल्या. "उतार आतल्या अंगाला ठेवला की खिळा आपोआप बाहेर वळतो. जिवात जाणार नाही. आणि आवाज ऐका."

आवाज त्याला कुणी शिकवायला नको होता. चांगल्या खुरात जाणारा खिळा प्रत्येक घावाला टणक बोलत जातो; जिवाकडे निघाला की आवाज बसतो. हे त्याला तीस वर्षं ठाऊक होतं. तारेचा खिळा ठोकताना तो बसका आवाज त्यानं किती वेळा ऐकला होता, आणि किती वेळा पुढे ठोकला होता, कारण खिळा उपसला तर दुसरा तरी कुठे सरळ जाणार होता? तट्टू काम झाल्यावर चालत गवतापाशी गेलं. लंगडलं नाही. मॅडम खूश झाल्या. भैय्यालाल त्यांना चहा न विचारता घरी निघून गेला.

"जमलं नाई का?" गिरजाबाईनं विचारलं.

"जमलं," तो म्हणाला, असं की जणू घरात कुणी वारलं होतं.

मग तुळशीचं लग्न झालं, माणसांची सुरू झाली, आणि एका सकाळी गुलाब मोरनीला ओढत, स्वतःच धापा टाकत आला. मोरनीची पुढच्या उजव्या पायाची नाल रस्त्यात कुठेतरी पडली होती. दुपारी चारला वरात. नवरदेवाच्या बापाचं बँडवाल्यांना चहा पाजूनसुद्धा झालं होतं.

"दोन दिवस कुठून आनू भैय्याभाऊ?" गुलाब रडवेला झाला होता. "नाल मारली त लंगडन, नाई मारली त डांबरावर खूर फुटन. सांग, का करू?"

"तोंड बंद कर अन् कासरा धर."

पाय मांडीवर घेतला तेव्हा मोरनी थरथरली. तिला हा माणूस माहीत होता. पकड, सुरा, रेती. भैय्यालाल एक अक्षर बोलत नव्हता, आणि तो गप्प आहे हे पाहून रस्त्यावरची चार-दोन माणसं थांबली. नाल त्यानं तीनदा ऐरणीवर नेली, तीनदा पायावर ठेवून पाहिली. खिळे सहा. उतार आत. टण, टण, टण. तिसऱ्या खिळ्याला मोरनीची थरथर थांबली. टोकं बाहेर आली, ती कापून, मुडपून, रेतीनं साफ केली. जुनी म्हणून दुसऱ्या पुढच्या पायाची नालही काढली आणि तीही नव्यानं मारली.

"चालव."

गुलाबनं घोडी रस्त्यावर घेतली. मोरनी चालली. वळली. पुन्हा चालली. टापांचा आवाज सारखा येत होता, चारही पायांचा. गुलाबचा चेहरा पडला.

"लंगडत नाई," तो म्हणाला.

"मंग?"

"अगा, लंगडत नाई म्हंजे बसलीच नाई! भैय्याभाऊ, वरातीत नाल उडून कुन्या वऱ्हाड्याच्या कपाळात बसन! मी लोकाईले का सांगू?"

थांबलेल्या माणसांनी माना डोलावल्या. बरोबर होतं. नाल बसली असती तर लंगडली असती, हे लहान पोरालाही माहीत होतं. एकानं गोंदियाच्या नालबंदाचा फोन लागतो का पाहावं, असं सुचवलं.

भैय्यालालनं खिळे उपसायची पकड उचलली. क्षणभर गुलाबला वाटलं ती आपल्यासाठी आहे, आणि तो काही फार चुकला नव्हता. पण भैय्यालालनं मोरनीचा पाय पुन्हा मांडीवर घेतला आणि पकड गुलाबच्या हातात कोंबली. "काढ. बसली नाई ना? त निघन. काढून दाखव!"

गुलाबनं पकड लावली, ओढलं. दात खाऊन ओढलं. मोरनी वैतागून फुरफुरली. नाल हलली नाही. दुसऱ्या एकानं ओढून पाहिलं, कारण अशा वेळी दुसरा एक असतोच. त्याचंही तेच झालं. भैय्यालालनं पकड हिसकावून घेतली.

गुलाब घाम पुसत घोडीकडे पाहत राहिला. मोरनी चारही पायांवर सारखी उभी होती. आणि मग त्यानं विचारलं. त्यात डाव नव्हता, राग नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं.

"मंग एवढी वर्सं लंगडे, ते काहून?"

सगळे भैय्यालालकडे पाहू लागले. उत्तरं होती. खिळे नवीन आहेत, म्हणता आलं असतं. घोडी आता सरावली, म्हणता आलं असतं. यंदा थंडी चांगली आहे, एवढंही चाललं असतं. माणसं ऐकायलाच उभी होती, तपासायला नाही. त्याचा हात भारी होता, तो आता हलका पडला, असं कौतुकही गावानं आनंदानं करून टाकलं असतं, आणि सहाच्या सहा घोड्या चिंचेखाली येत राहिल्या असत्या. बापाचं नावही जिथल्या तिथे राहिलं असतं. बापाला शिवी द्यायची पाळी भैय्यालालवर आजवर आली नव्हती. आता ती घशापर्यंत आली आणि तिथे त्याला कळलं, की बाप मरून बावीस वर्षं झाली आणि त्यानंतरचे सगळे खिळे आपणच मारले.

"माह्यानं," तो ओरडला. "माह्यानं लंगडे! मी लंगडी करत होतो. नालेचे दोन दिवस नसतेत. कधीच नव्हते. ऐकू आलं का? का अखीन जोरानं सांगू?"

जोरानं सांगायची गरज नव्हती. गावानं ते ऐकलं, वरातीनं ऐकलं, आणि बँडवाले पुढच्या लग्नाला गेले तेव्हा ते सोबत घेऊन गेले. मोरनी त्या दिवशी डांबरावरून दोन कोस चालली. भैय्यालाल वरातीत तिच्या पुढच्या पायांशेजारून, कमरेत वाकून, पूर्ण वाटभर चालला. नवरीकडच्यांना तो पिऊन आलेला वाटला आणि त्यांनी सौजन्यानं त्याला दोनदा बाजूला केलं.

आठ दिवसांत बाकीच्या पाच मालकांनी चिंचेखाली मोर्चा आणला. पुढे कौशल्याबाई होती. नवरा गेल्यापासून घोडी तीच चालवते, आणि वरातीत बँडच्या वर तिचा आवाज जातो.

"बारा वर्सं!" ती म्हणाली. "बारा वर्सं माही लक्षुमी दोन-दोन दिवस तीन पायांवर उभी राहे अन् मी तिच्या पायाले हळद लावत बसो. अन् तू म्हनत जाय, बसली बाई, चांगली बसली! कोन भरून देते ते दिवस? बोल ना, आता काहून तोंड शिवलं?"

"कोनी नाई देत," भैय्यालाल म्हणाला.

"लाज नाई वाटत?"

"वाटते! वाटते म्हनूनच त सांगितलं! नाई त तुले मरेपर्यंत समजलं नसतं!"

"वरतून मलेच बोलते! त्या गोंदियावाल्याले—"

"आन त्याले! त्याची रेती पाह्यजो आधी, दात आहेत का नाई त्या रेतीले! अन् खिळ्याले उतार आहे का इचारजो! नाई त तोही तुले दोन दिवस देऊन जाईन अन् तू हळद लावत बसजो!"

दोघंही एकाच वेळी बोलत होते. मागचे चार मालकही बोलत होते. त्यांच्या घोड्या मात्र त्यांनी येताना सोबतच आणल्या होत्या, आणि त्याबद्दल कुणी काही बोललं नाही. कौशल्याबाई त्याच्या बापाचा उद्धार करू लागली. भैय्यालालनं तो थांबवला नाही. लक्षुमीच्या खांद्यावर हात ठेवून तो खाली सरकवत नेला, गुडघ्यामागे आणला, आणि तिनं पाय उचलला.

"शिव्या मंग दे," तो कौशल्याबाईला म्हणाला. "आधी कासरा आखूड धर. घोडी हालून राहिली."

तिनं कासरा आखूड धरला.